शेताच्या मधोमध हायवे जाणार म्हणतात, काय करू?

प्रश्न: ताई, राऊच्या पुढे आमची साडेतीन बिघे जमीन आहे, अजून आजोबांच्याच नावावर, बाबा आणि दोन काका मिळून करतात, सोयाबीन आणि गहू. मागच्या आठवड्यात शेजारच्यांनी हिंदी पेपरचं कात्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं, नव्या नॅशनल हायवेसाठी धारा ३ए ची (सरकार जमीन घेणार असं जाहीर करणारी) सूचना आहे आणि खसरा नंबरांच्या (जमिनीच्या सर्व्हे नंबरांच्या) यादीत आमचा पण नंबर आहे. जमीन थोडीच जातेय पण मधोमध, विहीर एकीकडे राहणार आणि जास्त शेत दुसरीकडे. सगळे म्हणतात काही करू नका, पैसे आपोआप खात्यात येतील. खरं आहे का? – एक वाचक, इंदूर

उत्तर: नाही दादा, आणि आज आधी सूचनेची तारीख शोधा. हरकत द्यायला २१ दिवसच असतात, आणि ते सूचना राजपत्रात छापली गेली तेव्हापासून मोजतात, तुमच्या मोबाइलवर आली तेव्हापासून नाही. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा, त्यातलं कलम ३सी. हरकत लेखी द्यायची, सूचनेत ज्या अधिकाऱ्याचं पद लिहिलंय (आपल्याकडे बहुतेक एसडीएम, म्हणजे उपविभागीय अधिकारीच) त्याच्याकडे, पोच घ्यायची आणि सुनावणी पाहिजे हे त्यातच लिहायचं.

आता लिहायचं काय, तर नुसतं ‘आम्हाला रस्ता नको’ लिहू नका, असे अर्ज एका ओळीत फेटाळले जातात. विहीर कुठे, मोटर कुठे, पाइप कुठून कुठे जातो ते नकाशावर लाल पेनाने काढा, रस्त्याखालून पाइप न्यायला जागा मागा, ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली निघेल एवढा अंडरपास मागा, आणि पाण्याचं तर नक्की लिहा. आपली माळव्याची काळी माती, त्यात हायवे भराव घालून उंच करतात, नाला नीट सोडला नाही की वरच्या बाजूचं शेत तळं होतं आणि सोयाबीन उभी सडते. हे मी बघितलंय, आमच्या मामाच्या शेतात पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि मामी पदर खोचून हाताने शेंगा तोडत होती, चार टोपल्या पण निघाल्या नाहीत. त्यांच्या वेळी पण सगळे हेच म्हणत होते की काही करू नका. अर्जाची एक प्रत हायवेच्या प्रोजेक्ट ऑफिसला पण द्या, कारण डिझाइन तिथे बनतं.

रस्ता एकदा बनला की चूक सुधारायला किती वेळ लागतो ते आपल्याला गणपती घाटाने दाखवलंय. राऊ-खलघाट फोरलेन झाला, त्यातल्या या घाटाच्या उतारावर ट्रकांचे ब्रेक फेल होत राहिले, वर्षानुवर्षं माणसं मेली, तेव्हा कुठे २०२४ मध्ये उतरायला सुमारे ९ किलोमीटरचा वेगळा रस्ता सुरू झाला.

पैशांचं सांगते. ३ए नंतर एका वर्षाच्या आत ३डी ची घोषणा व्हावी लागते, नाहीतर आधीची सूचना रद्द होते, आणि ३डी झाली की जमीन सरकारची. १ जानेवारी २०१५ पासून हायवेच्या जमिनीला पण २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला मिळतो, म्हणजे १०० टक्के सोलेशियम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम) धरून. झाडं, विहीर, बांधकाम वेगळं मोजतात, आणि शेताचे दोन तुकडे झाल्याने होणारं नुकसान पण मागता येतं, हे खूप लोकांना माहीतच नसतं म्हणून ते मागतच नाहीत. रक्कम कमी वाटली तर आर्बिट्रेटरकडे (लवादाकडे) जाता येतं.

आणि आजोबांचं नाव! हे पैसे यायच्या आधी. फौती नामांतरण (वारलेल्याच्या जागी वारसांची नावं कागदावर चढवणं) करून घ्या, तिघा भावांची आणि आत्या असतील तर त्यांची पण नावं चढवा, नाहीतर पैसे मंजूर होऊन अडकतात आणि घरात भांडणं लागतात ती वेगळी.

प्रश्न: ताई, बायपासला लागून आमचा प्लॉट आहे, अगदी रस्त्यापर्यंत. पुढच्या बाजूला चार दुकानं काढावी म्हणतो. – एक वाचक, इंदूर

उत्तर: भाऊ, पाया खणायच्या आधी टेप घेऊन जा. नॅशनल हायवेच्या मध्यापासून ४० मीटरच्या आत बांधकाम करायचं नाही असा सर्वसाधारण नियम आहे आणि ७५ मीटरपर्यंत परवानगी लागते. मेन रोडवरून गाड्या थेट तुमच्या दुकानात वळणार असतील तर त्या एंट्रीची परवानगी वेगळी. शिवाय डायव्हर्शन (जमिनीचा वापर शेतीतून दुसऱ्या कामासाठी बदलून घेणं) आणि टाउन अँड कंट्री प्लॅनिंगचा नकाशा, ते तर लागणारच. सर्व्हिस रोड असेल तर दुकानांची तोंडं तिकडेच करा, उगाच मेन रोडवर कट मागू नका, त्या कटावरच बाइकवाली पोरं ट्रकखाली येतात.