सोमवारचं बीपी आणि पुरुमेंताचा डबा

प्रश्न : माझे सासरे 63 वर्षांचे. दीड वर्ष डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. ड्राय वेट (अंगातलं जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) 58 किलो. जूनपासून दर सोमवारी बीपी 180/100 आणि वजन चार किलो जास्त. मग मशीनवर तिसऱ्या तासाला पायांत गोळे येतात, बीपी 90वर उतरतं. पाणी मी मोजून दिवसाला लिटरभरच देते. जेवण साधं : पेज, मिठातली तोरं (छोट्या कैऱ्या), कधी किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर). तीन गोळ्या चालू आहेत. चौथी मागून घेऊ का?
– एक सून, सत्तरी, गोवा

उत्तर : चौथी गोळी राहू दे, आधी तुमचा ‘जून’ बघू. 1 जूनला मासेमारी बंद झाली आणि पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांचा, डबा उघडला, बरोबर ना? सुकी सुंगटं (कोळंबी), खारे बांगडे, मिठात मुरलेली तोरं. माझ्याही घरी पावसात हेच, म्हणून लगेच ओळखलं.

वॉर्डात सलाइनची बाटली पाहिली असेल. एका लिटरात 9 ग्रॅम मीठ. म्हणजे तेवढं मीठ पोटात गेलं की अंग लिटरभर पाणी धरून बसतं, आणि तहान माणसाला रात्री उठवून कळशीपाशी नेते. तुम्ही मोजता तांब्यातलं. पेजेतलं पाणी, चहा, कढी कोण मोजतं? शुक्रवार ते सोमवार मधे दोन दिवस सुट्टी, म्हणून सोमवार सगळ्यांत वाईट.

58 किलोच्या माणसाचं पाणी तासाला साधारण पाऊण लिटरपेक्षा वेगाने काढू नये. चार तासांत तीन लिटर. तुमचे गोळे येतात ते चौथ्या लिटरामुळे. चौथी गोळी दिलीत तर मशीनवर बीपी आणखी खाली जाईल.

दिवसाचं एकूण मीठ चहाच्या चमचाभराच्या आत, त्यात सगळं आलं. किसमूर बंद, सुंगटं गरम पाण्यात भिजवून मीठ पुरतं जात नाही. ‘लो सोडियम’ मीठ तर अजिबात नको, त्यात पोटॅशियम असतं आणि डायलिसिसवाल्याचं हृदय त्याने थांबू शकतं. शहाळ्याचंही तेच. पेजेवर कोकमाचा आंबटपणा आणि हिरवी मिरची चालवून बघा, रुसतील दोन दिवस.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. ड्राय वेट पुन्हा तपासायचं का? मांस झडलं असेल तर 58 मध्येही पाणी लपलेलं असतं. आणि डायलिसिसच्या सकाळी कुठली गोळी घ्यायची? ॲटेनोलॉल मशीनमध्ये धुऊन जाते, ॲम्लोडिपिन जात नाही. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नका.

घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा, फिस्तुल्याच्या (डायलिसिसची सुई जिथे टोचतात त्या) हातावर नव्हे. रात्री आडवं होताच धाप लागली तर सोमवारची वाट न बघता गाडी काढा.