वाचकांचे प्रश्न : पहिलं टेस्ट ट्यूब बेबी मुंबईचं की कोलकात्याचं?

प्रश्न : आम्ही कायम ऐकत आलोय की भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी मुंबईच्या केईएममध्ये १९८६ ला झालं. परवा मुलगी म्हणाली की ते १९७८ लाच कोलकात्यात झालेलं आणि हे मुंबईच्या टीममधल्याच सायंटिस्टने जाहीर केलं. स्वतःचं क्रेडिट असं कोण सोडतं? मुलगी झूऑलॉजीत एमएस्सी करतेय, याच विषयात रिसर्च करायचा म्हणते, पण ती एमबीबीएस नाही, मग तिला यात काय स्कोप?
– एक वडील, सातारा

उत्तर : मुलगी बरोबर सांगतेय. त्या सायंटिस्टचं नाव डॉ. टी. सी. आनंद कुमार, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यांच्यातच आहे, कारण तेही एमबीबीएस नव्हते, प्राणीशास्त्रातून आलेले होते. सुरुवातीला प्रा. रामस्वामींसोबत लोरिस या छोट्या माकडवर्गीय प्राण्याच्या प्रजननचक्रावर काम, मग दिल्लीच्या एम्समध्ये मेंदू आणि प्रजननाची हॉर्मोन्स यांच्या संबंधावर, माकडांच्या नाकात हॉर्मोनचा स्प्रे मारून गर्भनिरोधक बनवता येईल का यावरसुद्धा त्यांनी प्रयोग केले. पुढे ते परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डायरेक्टर झाले. केईएमही परळलाच, तिथे डॉ. इंदिरा हिंदुजा पेशंट बघायच्या, स्त्रीबीज काढायच्या, आणि लॅबची बाजू या संस्थेची. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईचं ते टेस्ट ट्यूब बेबी, हर्षा, जन्मली ती या जोडकामातून.

आता कोलकाता. डॉ. सुभाष मुखर्जींनी ३ ऑक्टोबर १९७८ ला दुर्गा या टेस्ट ट्यूब बेबीच्या जन्माची बातमी दिली, म्हणजे जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडची लुईस ब्राउन, हिच्यानंतर अडीच महिन्यांच्या आत. आणि त्यांची पद्धत अगदी वेगळी होती हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इंग्लंडमध्ये लुईसच्या वेळी एडवर्ड्स आणि स्टेप्टो या जोडीने नैसर्गिक चक्रातलं एकच बीज घेतलं आणि भ्रूण ताजाच गर्भाशयात सोडला. मुखर्जींनी इंजेक्शन देऊन जास्त बीजं तयार केली, भ्रूण फ्रीझ करून ठेवला आणि नंतरच्या चक्रात आत सोडला, कारण इंजेक्शनच्या महिन्यात हॉर्मोन्स इतकी वरखाली होतात की गर्भाशयाचं अस्तर भ्रूणासाठी तयार असेलच असं नाही, त्यापेक्षा थांबलेलं बरं. आज आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फलित करण्याची पद्धत) सेंटरमध्ये बऱ्याचदा हेच करतात! मानवी भ्रूण फ्रीझ करून गर्भधारणा झाल्याचा पेपर ऑस्ट्रेलियातून आला तो १९८३ साली.

पण राज्य सरकारने नेमलेल्या कमिटीने त्यांचा दावा फेटाळला, जपानला जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही, शेवटी डोळ्यांच्या संस्थेत बदली केली, प्रजननावर आयुष्य घालवलेल्या माणसाची. १९ जून १९८१ ला त्यांनी आयुष्य संपवलं. हे लिहिताना आजही संताप येतो.

१९९७ मध्ये आनंद कुमार एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले तेव्हा मुखर्जींच्या हाताने लिहिलेल्या नोंदी त्यांच्याकडे आल्या. त्यांनी त्या बारकाईने तपासल्या, दुर्गाच्या आईवडिलांशी बोलले, आणि 'करंट सायन्स' या विज्ञानाच्या जर्नलमध्ये सरळ लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखर्जी. तोवर ११ वर्षं हा मान आनंद कुमारांच्याच टीमच्या नावावर होता, ते गप्प बसले असते तर कुणी विचारायलाही गेलं नसतं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या करिअरमधलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि ते त्यांना जमलं कारण स्वतः लॅबमध्ये भ्रूण वाढवलेल्या माणसालाच त्या नोंदींत काय खरं आहे ते कळू शकत होतं. म्हणून हर्षाचा जन्म काही कमी ठरत नाही हं, ते काम रीतसर पेपर होऊन जगासमोर आलं आणि देशात आयव्हीएफ पसरलं ते तिथून.

मुलीच्या स्कोपचं म्हणाल तर बीज काढणं डॉक्टरचं काम, पण ते फलित कसं होतं, भ्रूण दोनाच्या चार पेशी कसा होतो, कुठे अडकतो, हे सगळं बायॉलॉजीवाल्यांचं आहे. परळची ती संस्था आजही चालू आहे, आता नावात बाल आरोग्यही आलंय, आणि तिथे पीएचडी करता येते. पुण्याच्या आघारकर संस्थेतही भ्रूणविकासावर काम चालतं. त्यासाठी जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळवणं सगळ्यात चांगलं, दरमहा पैसे मिळतात, घरच्यांवर भार येत नाही. त्यासाठीची सीएसआयआर नेट ही परीक्षा एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते, तेव्हा तिला यंदाच फॉर्म भरायला सांगा.