साहेबाला नको, वैतागलेल्या इंजिनिअरला गाठा

प्रश्न : ताई नमस्कार, माझं कोल्हापुरात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली. पावसाळा लागला की चार्जिंग पोर्ट गंजलेल्या फोनचा नुसता ढीग लागतो. पोर्टमधे ओल असली की करंट तोडणारं एक छोटं सर्किट मी बनवलंय, जुन्या फोनवर दोन पावसाळे चालवून बघितलं. एका मोठ्या फोन कंपनीला सहा मेल टाकले, उत्तर एकच, आम्ही बाहेरच्या आयडिया घेत नाही. भाचा म्हणतो यूट्यूबवर टाक मामा, व्हायरल झालं की तेच फोन करतील. काय करू? आणि चोरतील का हो?

उत्तर : दादा, सगळ्यात आधी भाच्याला थांबवा. पेटंटचा अर्ज करायच्या आधी गोष्ट जगाला दाखवली की ती "नवीन" राहत नाही, मग दाखवणारे तुम्ही स्वतः असलात तरी. कायद्यात थोडेफार अपवाद आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नका. त्या सहा मेलमधे सर्किट कितपत उघड केलंत तेही पेटंट एजंटला दाखवा, लपवू नका.

आता कंपनी असं का वागते. मी अशाच एका कंपनीत काही वर्षं काढलीत, बाहेरच्या आयडियाचा मेल कोणी पुढे पाठवला की लीगलवाले अंगावर यायचे, कारण आत कुठलीतरी टीम त्याच गोष्टीवर आधीपासून काम करत असू शकते आणि उद्या फोन बाजारात आला की मेलवाला कोर्टात उभा, माझंच घेतलं म्हणून. ॲपलचं तर लेखी धोरणच आहे, न मागता आयडिया पाठवू नका, पाठवलीत तर ती आमची, मोबदला नाही. उद्धट वाटतं, पण निदान स्पष्ट तरी आहे.

चोरतील का, तर अशी भांडणं झालीत. अमेरिकेत रॉबर्ट कर्न्सने पापणीसारखा थांबून थांबून चालणारा वायपर बनवला, 1963 ला फोर्डच्या लोकांना दाखवला, फोर्डने 1969 ला स्वतःच तसे वायपर आणले. 1978 ला त्याने खटला भरला, 1990 ला फोर्डने 1 कोटी 2 लाख डॉलर देऊन मिटवलं, तोवर याचा संसार मोडला होता. त्याच्या हातात पेटंट होतं म्हणून निदान भांडता तरी आलं.

तर तुम्ही आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाका. ऑनलाइन भरला तर एकट्या माणसाला सरकारी फी 1600 रुपये, मग पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन द्यायला 12 महिने मिळतात. एजंटची फी वेगळी, आणि ती झोंबते. त्याच्याकडून आधीची पेटंटं शोधून घ्या, कारण पोर्टमधे ओल आहे असा इशारा आजचे बरेच फोन देतातच, तुमचं त्याच्यापेक्षा वेगळं काय ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

आणि खरं सांगू का, तुमच्याकडचा सगळ्यात भारी माल सर्किट नाहीये, दुकानातली वही आहे. चौदा पावसाळ्यात कुठल्या मॉडेलचे किती पोर्ट गेले, फोन घेतल्यावर किती महिन्यांनी गेले, हे कंपनीच्या लॅबमधल्या माणसाला कुठून कळणार, वॉरंटी संपल्यावर गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं, त्यांच्याकडे नाही! ती वही एक्सेलमधे उतरवा (हे काम भाच्याला द्या). मग आयडिया पाठवायच्या पत्त्यावर नाही, लिंक्डइनवर रिलायबिलिटी (फोन किती टिकतो ते बघणारी) नाहीतर चार्जिंगच्या टीममधला एखादा इंजिनिअर शोधा, मॅनेजर नको, ज्याच्या टेबलावर हे बिघडलेले फोन येऊन पडतात तो माणूस हवा, आणि त्याला चार ओळी लिहा, माझ्याकडे इतक्या फोनचे आकडे आहेत, बोलायला आवडेल. सर्किटचा शब्दही नाही. डोकेदुखी त्याची आहे, उपाय काय ते तोच विचारेल.

तिथेही नाही जमलं तर पोर्ट आणि चार्जिंगची चिप बनवणाऱ्यांकडे जा. फोन कंपन्या हे भाग बहुतेक बाहेरूनच घेतात, आणि पुरवठादाराला विकायला रोज काहीतरी नवीन लागतं. झेरॉक्सचंच बघा ना. कॉपी काढायचं हे तंत्र शोधणारा चेस्टर कार्लसन स्वतः एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला, तरी आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक धरून वीसेक कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. शेवटी एका संशोधन संस्थेने हात दिला आणि मग हॅलॉइड नावाच्या फोटोपेपरवाल्या छोट्या कंपनीने घेतलं, तीच पुढे झेरॉक्स झाली. 1959 ला तिचं 914 नावाचं कॉपी मशीन आलं, आणि आज आपण कुठल्याही कॉपीला झेरॉक्सच म्हणतो.

प्रश्न : मी पुण्यात कॉलेजला आहे, ॲपची मस्त आयडिया आहे. कंपनीने एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही केली तरच सांगणार. बरोबर ना?

उत्तर : सही कोणी करणार नाही गं. आपल्या पेटंट कायद्यात नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणि बिझनेसची पद्धत दोन्ही बाहेर ठेवलेत, त्यामुळे तोही रस्ता अवघड. त्यापेक्षा बनवून टाक, प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच 25 डॉलर. हॉस्टेलच्या चाळीस पोरी रोज वापरायला लागल्या की मला परत लिही, मग कोणाला भेटायचं ते बघू.