अंग तापलं की डोळ्यापुढं धूसर होतं. मग व्यायाम करावा का?

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस झालेल्यांच्या घरून मला हटकून विचारलं जातं: "हालचाल केली तर दुखणं वाढंल का?" परभणीजवळच्या खेड्यातली एक तिशीतली सून याच धास्तीनं बाज धरून होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एप्रिलच्या उन्हात गच्चीवर पापड वाळत घालताना तिला धूसर दिसू लागलं, पाय लटपटले. तेव्हापासून सासूबाई तिला झाडूही हातात धरू देत नव्हत्या. "लेकराची माय हाय ती. पडली-बिडली तर?" माया खरी होती, पण बसून बसून पायातली उरलीसुरली ताकदही चालली होती.

मी विचारलं, "सावलीत आल्यावर दिसायला लागलं का?"

"हो, मॅडम. कूलरपुढं बसले अन् घडीभरानं नीट झालं."

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावरच हल्ला करते. अंग तापलं की अशा तंतूंतले संदेश आणखी अडखळतात, निवलं की पहिल्यासारखे होतात. त्यानं नवी इजा होत नाही. श्रम केल्यावर असं तात्पुरतं धूसर दिसतं, हे उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्येच नोंदवलं होतं. (जर्मनीचं नाव काढताच नवरा हसला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारा गडी तो!) पुढं कित्येक वर्षं डॉक्टरही रुग्णांना दमायचं नाही असंच सांगत. १९९६ मध्ये अमेरिकेत ५४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा हातापायांनी सायकल मारणाऱ्यांचा दमसास आणि ताकद दोन्ही वाढलेली दिसली.

मेंदू बिघडलेल्या जागेला वळसा घालून काम करायला शिकू शकतो. पण तीच हालचाल पुन्हापुन्हा केली तरच. नवरा म्हणाला, "म्हंजे पाट फुटला की दुसऱ्या दांडानं पाणी काढायचं." बरोबर. फक्त सगळं रान भिजेलच असं नाही, हेही मी बोलून ठेवलं.

फिजिओथेरपिस्टनं आखून दिलेलं साधंच होतं. ऊन चढायच्या आत भिंतीच्या कडेनं चालणं, खुर्चीवरून उठबस, मानेवर ओला पंचा, आणि थकून गळायच्या आत थांबणं. बोटांसाठी शेंगा फोडायच्या. सोबत चालायचं काम मी मुद्दाम सासूबाईंना दिलं. त्यांना नुसतं "काळजी करू नका" म्हणून भागलं नसतं.

दिवाळीपर्यंत ती आधाराशिवाय अंगणभर फिरू लागली. उजवा पाय अजून घासतो. "मग आता औषध बंद करावं का?" नवऱ्यानं विचारलं. नाही. आजाराचे नवे हल्ले रोखायचं काम औषधाचं. व्यायाम त्याच्या जागी चालत नाही. आणि नवा त्रास अंग निवल्यावरही २४ तासांहून जास्त टिकला, तर वाट न बघता न्यूरॉलॉजिस्टकडं जायचं.