टाइमटेबल दर मंगळवारीच का मोडतं?

"ताई, मी सेकंड इयरला आहे, हॉस्टेलवर राहते. दर रविवारी रात्री मी पुढच्या आठवड्याचं टाइमटेबल बनवते, चार रंगांचे हायलायटर घेऊन, सकाळी साडेपाच ते रात्री अकरा, एकही तास रिकामा नाही. सोमवार कसाबसा जातो. मंगळवारी लेक्चर लांबतं नाहीतर डोकं दुखतं, एक स्लॉट चुकतो आणि मग सगळंच कोलमडतं, पुढच्या रविवारपर्यंत मी काहीच धड करत नाही. सबमिशन कायम आदल्या रात्री दोन-तीन वाजेपर्यंत जागून. मागच्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स राहिला, तो आता परत द्यायचाय, पण त्याचा स्लॉट आला की मी कपाट आवरायला घेते. रूममेट सगळा अभ्यास करून डान्सच्या प्रॅक्टिसलाही जाते. घरी अजून विषय राहिल्याचं सांगितलेलं नाही. मी मुळातच आळशी आहे का?
– मंगळवारी हरणारी"

अगं, आधी ते आळशी वगैरे डोक्यातून काढून टाक. आळशी पोरगी रात्री तीनपर्यंत डोळे चोळत फाइल पूर्ण करत बसत नाही, आणि दर रविवारी नव्या उमेदीने चार हायलायटर घेऊन तर नाहीच नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले, ते टाइमटेबलचं नाही, कपाटाचं.

तू कपाट आवरतेस. म्हणजे त्या वेळी तुझ्याकडे वेळ असतो, ताकद असते, काम करायची तयारीपण असते, फक्त स्टॅटिस्टिक्सची वही उघडायची नसते. कारण ती उघडली की मागच्या सेमचा रिझल्ट आठवतो, घरी न सांगितलेलं आठवतं, आपल्याला हे जमणारच नाही असं पोटात येतं, आणि कपाट बिचारं यातलं काहीच आठवून देत नाही. फुशिया सिरॉय आणि टिमथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडलं होतं, की चालढकल ही वेळेच्या हिशोबाची गडबड कमी आणि नकोशी भावना तेवढ्यापुरती टाळण्याची धडपड जास्त असते. त्या क्षणी बरं वाटतं आणि रात्री त्याची दुप्पट वसुली होते, हे तुला मी काय सांगणार, तू ते दर आठवड्याला भोगतेयस.

म्हणून मला वाटतं तू चुकीच्या जागी मलम लावतेयस. टाइमटेबल कितीही रंगीत केलंस तरी ते त्या वहीची भीती घालवणार नाही, उलट स्टॅटिस्टिक्ससमोर "७ ते ९" असं लिहिलंस की भीती दोन तासांची होते! दोन तास नको. पंचवीस मिनिटं. पोमोडोरो नावाची जी पद्धत आहे ना, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी, ती फ्रान्चेस्को चिरिलो याने १९८०च्या दशकाच्या शेवटी स्वतः कॉलेजात असताना अशाच न लागणाऱ्या लक्षापायी शोधली, स्वयंपाकघरात वापरतात तसलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर घेऊन. पंचवीस या आकड्यात काही जादू नाहीये, तुला पंधरा जमत असतील तर पंधरा कर. तेवढा वेळ माणूस नकोशा गोष्टीजवळ बसू शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि त्या वेळात करायचं काय हेही आधी ठरलेलं पाहिजे, नुसतं "स्टॅटिस्टिक्सचा अभ्यास" असं लिहिलंस की तू परत कपाटाकडे जाणार. असं कर, वही मागून पुढे चाळ आणि तुला शेवटचं नीट कळलेलं उदाहरण कुठलं ते शोध. समज स्टँडर्ड डेव्हिएशनपर्यंत कळलंय आणि नॉर्मल डिस्ट्रिब्युशन आलं की डोळ्यांपुढे धुकं. मग सुरुवात स्टँडर्ड डेव्हिएशनच्या एका सोडवलेल्या उदाहरणापासून, धुक्यापासून नाही. उत्तरावर कागद ठेव, फक्त पहिली स्टेप स्वतः लिही, कागद एक ओळ खाली सरकव, बरोबर आली का बघ, मग दुसरी. चुकली तर चुकली, लाल पेनाने तिथेच नीट कर. पाच-सहा ओळींचं उदाहरण असतं, पंधरा मिनिटांत होतं, आणि एखाद्या विषयात नापास झालेल्या मुलीला स्वतःच्या हाताने बरोबर आलेली ती तिसरी ओळ काय देऊन जाते ते कुठलंही टाइमटेबल देऊ शकत नाही.

हे झाकून सोडवणं मी मुद्दाम सांगतेय. रात्री दोन वाजता तू जे करत असशील, म्हणजे नोट्स परत परत वाचणं, ते फार फसवं आहे. रोडिगर आणि कारपिकी या दोघांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता, काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं, आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलेलं. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नसते ना!

आता टाइमटेबलकडे येऊ, कारण ते पूर्ण टाकून दे असं मी म्हणत नाहीये. पण तू ते ज्या मुलीसाठी बनवतेस ती मुलगी अस्तित्वात नाहीये गं, तिचं डोकं दुखत नाही, तिचं लेक्चर लांबत नाही, तिला घरून फोन येत नाही. आपण सगळेच असं करतो. १९९४ साली रॉजर ब्युलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल, सरासरी उत्तर आलं साधारण ३४ दिवस. मग विचारलं सगळं अगदी वाईटात वाईट घडलं तर, तेव्हा म्हणाले ४८-४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. यात आळस कुठे आला?

म्हणून या रविवारी काही ठरवूच नकोस. एक आठवडा फक्त लिहून ठेव, एखाद्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर, की कशाला खरंच किती वेळ लागला. आंघोळ करून तयार होणं, लॅबची फाइल, एका असाइनमेंटची माहिती शोधणं, मेसमध्ये मैत्रिणींशी गप्पा, सगळं. स्वतःला रागवायचं नाही, फक्त लिहायचं. मग त्या पुढच्या रविवारी जे टाइमटेबल करशील ते या खऱ्या आकड्यांवर कर, आणि दिवसातले दोन तास कोरे सोड, नाव न लिहिता. मंगळवारी लेक्चर लांबलं की ते काम त्या कोऱ्या तासात जाऊन बसतं आणि बाकीचा आठवडा शाबूत राहतो. तुझं टाइमटेबल मोडायचं कारण मुळात हेच आहे की त्यात मोडायला जागाच नव्हती.

सबमिशनचं पण तसंच, शेवटची तारीख वहीत लिहिण्याऐवजी सुरुवातीची तारीख लिहायला लाग, आणि पहिल्या दिवशी फक्त फाइल उघडून हेडिंग टाकायचं आणि काय काय शोधायचंय त्या चार ओळी लिहायच्या, बस. मोबाइल त्या पंचवीस मिनिटांत दुसऱ्या खोलीत, उलटा करून टेबलावर नाही. झोप कापून अभ्यास करू नकोस, वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायचं बरंचसं काम झोपेत चालतं.

रूममेटचं म्हणशील तर तुला तिची डान्स प्रॅक्टिस दिसते, तिचं कपाट कुठलंय ते दिसत नाही. तिच्याशी तुलना करण्यापेक्षा तिलाच सांग की आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर पंचवीस मिनिटं बस, तू तुझं कर मी माझं करते. समोर कोणी बसलेलं असलं की उठून कपाटाकडे जाणं अवघड होतं, मी स्वतः अजूनही अवघड कामं अशीच करते, बहिणीला शेजारी बसवून.

एक गोष्ट मात्र राहिली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मागच्या सेमसाठी तू स्वतःला माफ केलेलं नाहीयेस. कॅनडात २०१० साली वोल, पिचिल आणि बेनेट यांनी फर्स्ट इयरच्या ११९ मुलांचा अभ्यास केला होता, त्यात पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. आपल्याला वाटतं स्वतःला चार शिव्या घातल्या की सुधारू, पण शिव्या घातल्या की ती वही अजून जड होते, एवढंच होतं.

आणि त्या वहीचं निम्मं वजन घरी न सांगितलेल्या गोष्टीचं आहे. सांगून टाक. आई किंवा बाबा, ज्यांच्याशी आधी बोलणं सोपं जातं त्यांना, फोनवर, लांबण न लावता, "स्टॅटिस्टिक्स राहिलाय, परत देतेय, अभ्यास सुरू केलाय". ते रागावतील कदाचित, एक-दोन दिवस धुसफूस होईल, पण त्यानंतर वही उघडताना तुला लपवायचं काही उरणार नाही. त्यातलं "अभ्यास सुरू केलाय" हे खरं व्हावं म्हणून फोन करायच्या आधी एक उदाहरण सोडवून ठेव.

आज मात्र हे वाचून नवीन टाइमटेबल बनवायला बसू नकोस. वही काढ, शेवटचं कळलेलं उदाहरण शोध, तिथे पेन्सिलने खूण कर आणि झोपून जा. तीन आठवड्यांनी मला लिही, ती खूण किती पानं पुढे सरकली ते.

– तुझी ताई