‘श्रेष्ठ सरोवर’ नव्हे, वरचे सरोवर

अमेरिकेतील ड्यूलूथ हे शहर ‘श्रेष्ठ सरोवराच्या’ काठी आहे, तेव्हा समुद्र नसताना त्याला बंदर म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. अवश्य म्हणावे. राजापूर खाडीत कितीतरी आत असूनही नामांकित बंदर होते, आणि १९५९ साली या सरोवरांना अटलांटिक महासागराशी जोडणारा सेंट लॉरेन्सचा जलमार्ग खुला झाल्यापासून ड्यूलूथच्या धक्क्याला समुद्रापलीकडची जहाजेही लागतात. मला खटकते ते ‘श्रेष्ठ सरोवर’.

‘लेक सुपीरियर’चे हे भाषांतर वारंवार कानी पडते आणि ते साफ चुकीचे आहे. फ्रेंचांनी त्याला ‘सुपेरिअर’ म्हटले ते ह्युरॉन सरोवराच्या वर आहे म्हणून. आजही ह्युरॉनकडून येणारे जहाज दोन सरोवरांमधल्या सू येथील लॉकमध्ये, म्हणजे दोन्हीकडे दारे असलेल्या हौदात, पाणी भरून सुमारे साडेसहा मीटर वर उचलावे लागते. ‘अपर वर्धा’ धरणाला आपण ‘ऊर्ध्व वर्धा’ म्हणतो, ‘श्रेष्ठ वर्धा’ म्हणत नाही.

खरी गोडी पुढेच आहे. ‘सुपीरियर’च्या मुळाशी असलेले लॅटिन ‘सुपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ ही एकाच मूळ धातूची भावंडे, आणि ‘उपरि’पासून प्राकृत ‘उवरि’च्या वाटेने आले आपले ‘वर’. म्हणजे ‘वरचे सरोवर’ हे भाषांतर नुसते अचूक नाही, तर नात्यातलेही आहे. हा ‘वर’ श्रेष्ठवाचक ‘वर’पासूनच निघाला, असे काही जाणकार सांगतात, ते मला मुळीच मान्य नाही, कारण मधली प्राकृत पायरी त्यांनी पाहिलेलीच नसते. श्रेष्ठवाचक ‘वर’ ‘सरोवर’ या शब्दातच, ‘सरस्’च्या पुढे, बसलेला आहे. त्यामुळे ‘श्रेष्ठ सरोवर’ म्हणणारे श्रेष्ठत्व दोनदा सांगतात आणि उंची एकदाही सांगत नाहीत.

शहराचे नाव १६७९ साली तेथे आलेल्या द्यू ल्यूत या फ्रेंच माणसाचे. त्याआधीचे, तेथील मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या भाषेतले नाव मला अधिक बोलके वाटते : ओनिगामीनसिंग, म्हणजे जेथे होडी थोडे अंतर खांद्यावरून वाहून न्यायची ती जागा. सरोवर आणि आतला उपसागर यांच्यामध्ये वाळूची लांब, चिंचोळी पट्टी आहे; तिला वळसा घालण्यापेक्षा होडी उचलून पलीकडे नेणे सोपे पडे. त्याच पट्टीला छेद देऊन १८७१ साली कालवा काढण्यात आला. त्यावर १९०५ साली पूल झाला, आणि १९३० पासून जहाज आले की त्या पुलाचा अख्खा रस्ता सरळ वर उचलला जातो.