एक्सप्रेसमध्ये (नोड.जेएसचं वेब फ्रेमवर्क) प्रत्येक आरपीसी मेथडसाठी, म्हणजे सर्व्हरवरच्या दुरून बोलावता येणाऱ्या प्रत्येक फंक्शनसाठी, वेगळा राउट लिहावा लागतो का?

नाही. जेसन-आरपीसी २.० मध्ये (असे कॉल जेसनमधून पाठवण्याचं ठरलेलं मानक) मेथडचं नाव यूआरएलमध्ये नसतं, रिक्वेस्टच्या बॉडीत येतं. म्हणून जेसन पार्सर लावून एकच पोस्ट राउट ठेवा आणि त्या नावावरून फंक्शन शोधा.

फक्त हा शोध साध्या ऑब्जेक्टमध्ये घेऊ नका, मॅप (जावास्क्रिप्टमधला नाव-मूल्य जोड्यांचा संग्रह) वापरा. साध्या ऑब्जेक्टमध्ये कुणी 'कन्स्ट्रक्टर' असं नाव पाठवलं, तर तुम्ही न लिहिलेलं फंक्शन सापडतं आणि चालतंही! भल्याभल्यांच्या हे लक्षात येत नाही. नाव सापडलं नाही तर एरर कोड -३२६०१.

असिंक (निकाल नंतर देणाऱ्या) फंक्शनपुढे अवेट (निकालाची वाट पाहा) विसरलात, तर रिझल्टमध्ये नुसता रिकामा ऑब्जेक्ट जाईल. आणि आयडी नसलेली रिक्वेस्ट म्हणजे नोटिफिकेशन. तिला उत्तर द्यायचं नसतं, एररचंसुद्धा नाही. मी तिथे २०४ (एचटीटीपीचा 'मजकूर नाही' हा कोड) देऊन मोकळा होतो.